तिसऱ्यांदा तू बघ

हॅलो?… हो, मीच. बोल गं ठमे… थांब, टीव्ही बंद करते… हं.

आला का तुझ्या फोनवर निकाल? तीन महिने झाले ना त्या मेंदूच्या खेळांना… किती?… पंचावन्न? माझा मेंदू पंचावन्नचा? अगं, मग गुडघ्यांनाही कळवा म्हणावं. ते बहात्तरचेच आहेत अजून.

हो, हो… रोज बसते. तू कॉम्प्युटरवर बसवून दिलास तेव्हा नाक मुरडलं होतं, कबूल. आता चहा झाला की आधी तेच. पडद्यावर मधे पक्षी चमकतो, कोपऱ्यात कुठेतरी मासा. दिसला रे दिसला की दाबायचं. विचार करत बसलीस की गेलं… मग! पहिल्या आठवड्यात शून्यावर होते मी. सवय ना. अडतीस वर्षं औषधांच्या दुकानात काढली. औषध उचलताना नाव वाचायचं, मोजताना वाचायचं, गिऱ्हाइकाच्या हातात देताना परत वाचायचं. हाताखालच्यांना बोलून बोलून नको जीव केला होता… आणि हा डबा म्हणतो, लवकर, लवकर!… हो, जमलं नंतर. आता हात आपोआप जातो.

फायदा आहे गं, नाही कुठे म्हणतेय. गॅसवाल्याचा नंबर पाठ झालाय. शेजारणीच्या तिन्ही सुनांची नावं…

अगं ऐक ना. खूश हो, पण जरा ऐक… तब्येत बरी आहे. दोघांचीही. आधी तेच सांगते, दोघांचीही बरी आहे.

परवा सकाळी तुझ्या बाबांना बीपीची गोळी द्यायची होती ना… तिच्याऐवजी मी रात्रीची दिली. झोपेची.

… ओरडू नकोस. ऐक… हो, गिळली. स्ट्रिप जागेवर ठेवायला गेले तेव्हा नाव वाचलं… केला ना, ताबडतोब केला डॉक्टरांना फोन. म्हणाले, एकच आहे, झोपू दे, लक्ष ठेवा. दुपारी तीनपर्यंत घोरत होते. मी खुर्ची ओढून शेजारी, श्वास मोजत… उठले आणि म्हणतात, आज जेवायला एवढा उशीर का?

काल का नाही सांगितलं? लाज वाटली म्हणून.

नाही गं, चष्मा होता. उजेड होता. पांढरी गोळी दिसली, हात गेला, दिली. त्या खेळात जातो तसाच… तेच तर सांगतेय. अडतीस वर्षांत पहिल्यांदा एकदासुद्धा वाचलं नाही मी.

आता ते खेळामुळे की वयामुळे, तेच मला ठरवता येईना. त्याची भीती वाटते.

… नाही, बाई ठेवायची नाही. तुझ्याकडेही यायचं नाही. आणि खेळही सोडणार नाही, मला आवडतो… हो, आहे मी हट्टी. तू कुणावर गेलीस मग?

त्यांना? सांगितलं ना, कालच. म्हटलं, मी चुकीची गोळी दिली तुम्हाला. यापुढे नाव वाचल्याशिवाय माझ्या हातून काही घेऊ नका… काय करणार! बरं म्हणाले आणि हात पुढे केला. मी ठेवली. गिळली. बघितलंसुद्धा नाही गं!… विचारलं ना. वाचलं का नाहीत म्हटलं. तर म्हणाले, तू वाचलं असशील की.

नाही गं, रडत नाहीये.

आजची अजून दिली नाही. मघापासून स्ट्रिप हातात घेऊन बसलेय… धीर होत नाही.

ऐक. आजवर कुणाला म्हटलं नाही, तुला म्हणते. रोज ह्या वेळेला फोन कर. दोनदा मी वाचेन. तिसऱ्यांदा तू बघ… आत्ता? ऑफिसला उशीर होईल तुला… बरं, लाव व्हिडिओ.

दिसतेय? जवळ धरू?… घाई नको. नाव पूर्ण वाच… हं… पुढे आकडा आहे, तो वाच… हं… मागची तारीख…

बरोबर?

नक्की?

बरं. मग देते त्यांना. ठेव.