बिळावरची फळी

—नाही डॉक्टर, पुन्हा तेच सांगतो, बल्ब बिघडला, भलताच तापला, त्यात ती गेली. लिहा तसं. घोरपड म्हातारी, उन्हाळा कडक — झालं! घाम? या पिंजऱ्यांमागच्या बोळात उभं राहून बघा, तुम्हालाही फुटेल. अठरा वर्षं काढलीत इथे. बाईसाहेब म्हणायचो मी तिला. तुमच्यापुढे काय अक्कल पाजळणार, पण बघायला येणाऱ्यांना मी सांगतो — मासा, बेडूक, घोरपड, यांच्या अंगात चूल नाही. ऊब हवी तर दिव्याखाली, नको तर बिळात. कोट्यवधी वर्षं चाललंय तसंच. पुढे पाखरांनी नि आपल्या पूर्वजांनी चूल आतच पेटवली — तेव्हापासून आपलं तिन्ही त्रिकाळ खा-खा! बाईसाहेबांना आठवड्याला दोन उंदीर बास.

परवा काय झालं? काही नाही झालं. लोकांची तक्रार — घोरपड दिसतच नाही, तिकीट कसलं घेता? साहेब म्हणाले, दिसली पाहिजे. आता दुपारी ती बिळात, दिसणार कशी? मग दिसायला लागली. कशी म्हणजे? बसायची दिव्याखाली. जाईल कुठे? — म्हणजे, जायची ना, संध्याकाळी मी रोज काढायचोच ती — परवा तीनला घरून फोन आला, लेक तापानं फणफणलीय. धावत सुटलो. दिवा चालू, किल्ली माझ्या खिशात. पट्ट्या ठेवल्या, ठेवल्या, शेवटी दरदरून घाम फुटला तिला. बायकोला म्हटलं, बघ, शरीर कसं आपलं आपण ताप उतरवतं — आणि म्हणता म्हणता आठवलं. घोरपडीला घाम येत नाही, डॉक्टर.

उठलो नाही मी. पोरीनं बोट घट्ट धरलं होतं. लाज वाटते, पण नाही उठलो. वाटलं, एव्हाना उशीर झालाच असेल. झाला होता का हो? की नव्हता? — नको, सांगू नका.

बल्ब लिहा ना. बल्ब बदलता येतो. मला कामावरून काढलं तर राहती खोलीही जाते, खोली इथलीच आहे — तिथे राहवत नाही आणि सोडवतही नाही.

ती? साधी फळी हो. झाडूमागे असते. राहू द्या. डॉक्टर, उलटी करू नका — त्या बाजूला तिच्या नखांचे —

ठेवा ती. ठेवा म्हटलं ना! जा तुम्ही आता.