साहेबासमोरचा ‘फोर!’

हसू नका रे, मी गोल्फ एकदाच खेळलो. स्वातंत्र्य आलं होतं, पण आमच्या कचेरीतला साहेब अजून गोराच होता. कांजूरमार्गच्या खुल्या गवताळ मैदानावर त्याने शिकवलं, चेंडूच्या वाटेत माणूस आलं की ‘फोर!’ ओरडायचं. माझा चेंडू सुटला तो थेट पायवाटेने चाललेल्या कोळणीकडे. ओरडलो, ‘फोर!’ चेंडू तिच्या खांद्यावर, टोपलीतले बोंबील गवतात. वळली, तर रोज आमच्या दारी येणारी हिराबाई!

‘भाऊ, तू? मराठीत वरडला असतास तर वाकले असते ना!’

साहेबाने विचारलं, ‘ओळखीची?’

मी म्हटलं, ‘छे!’

दुसऱ्या सकाळी दार मीच उघडलं. माझ्याकडे न बघता तिने आत हाक मारली, ‘वहिनी, तुम्हीच या. ह्या साहेबाची नि माझी वळख नाय.’