पास झालेल्या माणसाचं सामान

...नाही हो, उठू नका, बसा की, ही पिशवी तेवढी मांडीवर घ्या, हो, वास येणारच, चीज आहे, अख्ख्या गल्लीचं चीज आहे, आणि कृपा करून ‘प्रवास सुखाचा होवो’ असं मात्र म्हणू नका, कारण मी कुठेही चाललेलो नाही! तिकीट नाही. व्हिसा नाही. पासपोर्ट आहे, पण त्यातल्या फोटोत मला केस आहेत, म्हणजे समजून घ्या. आणि वळून बघू नका! काचेपलीकडे ती पिकअपभर माणसं हात हलवतायत ना? माझीच. म्हणजे माझी नव्हेत, गल्लीतली. पण विमान उडाल्याशिवाय जागची हलायची नाहीत, आमच्याकडे पद्धतच आहे ती. हात हलवा जरा. अहो, तुम्हीही हलवा, पिवळ्या स्वेटरवाल्या बाई, तुमचं काय जातंय? हसा. हां. शाब्बास.

हे सगळं इंग्रजीमुळे झालं, तुम्हाला सांगतो! त्यांच्या त्या शेपटीवाल्या क्रियापदांमुळे! आमची स्पॅनिश क्रियापदं कशी, एकटी राहतात, आपलं आपण रांधून खातात. शोधायचं तर एक शब्द, सांभाळायचं तर दुसरा शब्द, संपला विषय. आणि इंग्रजांचं? त्यांचं ते ‘लुक’ घ्या. लुक म्हणजे बघणं, गरीब गाय. मागे ‘फॉर’ येऊन उभा राहिला की ते शोधायला लागतं, ‘आफ्टर’ आला की सांभाळायला लागतं, आणि ‘डाऊन ऑन’ आला की लगेच नाक मुरडतं! हे क्रियापद आहे की आमच्या गावचा नगराध्यक्ष? ज्याच्या शेजारी बसेल त्याच्यासारखं बोलतंय! पण एक सांगू का... त्याला निदान शेजारी तरी असतं कुणीतरी.

तर आमच्या गावात तेल्माबाई संध्याकाळी चर्चच्या मागच्या खोलीत हे शिकवतात. पोरं येतात, पास होतात, उत्तरेला अमेरिकेत जातात. नवी पोरं येतात, पास होतात, तीही जातात. गावात असं घर नाही ज्याचं तिकडे कुणी नाही. तेओफिलो न्हाव्याचा भाऊ लॉस एंजेलिसला, बेकरीवाल्याची मुलगी मेरीलँडला, शेजारच्या रुफिनाताईचा एल्मर ह्यूस्टनला. रविवारी गल्लीतून चाललात तर घराघरातून फोनवर ओरडणं ऐकू येतं, ‘जेवलास काऽऽ?’ आणि माझं? सगळ्यांची माणसं उत्तरेला, माझी बायको त्याच्याही वर, आणि तिथून फोन यायची सोय अजून झालेली नाही.

म्हणून मी वर्गात जायचो. घरी रेडिओ आहे की, पण रेडिओ कधी विचारतो का, ‘एवेलिओभाऊ, आज उशीर केलात?’ तेल्माबाई विचारतात. मग आता तुम्हीच सांगा, जिथे आपल्याला कुणी उशीर झाला म्हणून विचारतं, तिथून माणूस पास होऊन बाहेर कशाला पडेल? दर परीक्षेला मी कोरा कागद द्यायचो, नापास व्हायचो, आणि पुन्हा त्याच बाकावर. नवी पोरं मला त्या शेपटीवरून ‘आजोबा अप’ म्हणायची. म्हणू देत! हाक तर मारायची.

यंदा तेल्माबाई कातावल्या. म्हणाल्या, “एवेलिओभाऊ, कोरा कागद दिलात तर पुढच्या वर्षी दारात उभं करणार नाही! चुकीचं लिहा, पण लिहा हो काहीतरी!” चुकीचंच लिहायचं ना? त्यात काय अवघड! मी डोळे मिटले आणि हाताला लागेल ती शेपटी दिसेल त्या क्रियापदाला चिकटवत सुटलो. ‘टेक’ला ‘आफ्टर’. ‘रन’ला ‘इन्टू’. ‘पुट’ला तर दोन दोन शेपट्या लावल्या, ‘अप’ आणि ‘विथ’, म्हटलं हे असलं जनावर देवानंसुद्धा घडवलेलं नसेल! आणि तुम्हाला सांगतो... सगळं बरोबर! अहो, त्या भाषेत कुठलीही शेपटी कुठेही लावा, कुठला ना कुठला अर्थ निघतोच! मी नापास व्हायलासुद्धा नापास झालो!

तेल्माबाई रडल्या. मला मिठी मारली. आणि मी नको नको म्हणेपर्यंत चर्चसमोर जाऊन त्यांनी आकाशात बाण सोडला... सूंऽऽऽ, धडाम!

आता तुम्हाला वाटेल, एक फटाका, त्यात काय? अहो, आमच्याकडे तेल्माबाईंचा बाण फुटला म्हणजे कुणीतरी पास झालं, आणि कुणी पास झालं म्हणजे ते चाललं, आणि कुणी चाललं म्हणजे त्याच्याबरोबर पाठवायचं! मी घरी पोचायच्या आत तेओफिलो दारात. “एवेलिओ, एवढं चीज माझ्या भावाला.” मी म्हटलं, “अरे बाबा, मी कुठेही चाललेलो नाही!” त्यानं डोळा मारला. “बरोबर आहे. सांगूच नकोस. दृष्ट लागते.” घ्या! खरंच जाणारा प्रत्येक जण आमच्याकडे ‘मी कुठे चाललोय’ असंच म्हणतो ना! मी जितकं नाही म्हणावं तितकी गावाची खात्री पटत चालली. बेकरीवाला गोड पाव घेऊन आला, म्हणाला, “चेहरा बघा याचा, नक्की जातोय.” कुणी मक्याचे तामाले, कुणी लोरोकोच्या, आमच्याकडे जेवणात घालतात त्या कळ्यांची बरणी. बरणीवाली म्हणते, “विमानतळावर विचारलं तर सांग, औषध आहे.” अहो, औषध कशावर? कुणाच्या आजारावर? मीच का?

पण एक सांगू? घर भरलं हो. खुर्च्या कमी पडायला लागल्या. तेओफिलोनं दाढी करून दिली, तीही न कापता. संध्याकाळी कॉफी ठेवली की कप पुरेनात. आणि मग मी... ‘कुठेही चाललेलो नाही’ म्हणायचं सोडलं. कुणी विचारलं की म्हणायचो, कागदपत्रांचं काम चाललंय. चालू देत कागदपत्रं.

सगळ्यात शेवटी रुफिनाताई आली. इतकी वर्षं कुंपणावरून “ऊन फार आहे” एवढंच बोलणारी बाई. चिजाचा गोळा फडक्यात बांधलेला, गाठ घट्ट. म्हणाली, “भाऊ, एल्मरचा फोन येत नाही. नंबर लागत नाही. पत्ता आहे. तुम्ही फक्त दार वाजवा. उघडलं, तर बघा जेवतो का. आणि दुसऱ्या कुणी उघडलं, तर त्यांना त्यांच्या भाषेत काय सांगायचं, माझ्या पोराकडे बघा म्हणून?” मी सांगितलं, लुक आफ्टर. ती तिथेच उभी राहून घोकत बसली, लुक आफ्टर एल्मर, लुक आफ्टर एल्मर... अहो, मला ती शेपटी शिकायला वर्षं लागली, आणि तिला एका उभ्यात आली! मग कुठल्या तोंडानं सांगू हो, की ताई, मी कुठेही चाललेलो नाही?

आज गल्लीनं पिकअप काढली. आणि हे असं इथे आणून सोडलं मला.

म्हणून तुम्हाला विचारतो, ह्यूस्टनला कोण चाललंय? तुम्ही? पिवळ्या स्वेटरवाल्या बाई, तुम्ही? खरंच? बाकीचं राहू द्या, तेओफिलोचा भाऊ तसाही जाड झालाय. हा एवढा गोळा घ्या. फडक्यात पत्ता आहे. खाली माझा नंबर आहे. दार वाजवा, आणि काय दिसलं ते मला कळवा. वाईट असलं तरी कळवा. रुफिनाताईला मी सांगेन, कॉफी ठेवून सांगेन. तुमची रांग हलली, पळा! तेवढं जमेल ना? लुक आफ्टर!

...गेली. चांगली बाई आहे, गोळा दोन्ही हातांनी धरला होता.

आणि ते बघा, उडालं कुठलंतरी विमान. बघा, बघा, रुफिनाताई रुमाल हलवतेय, तेओफिलो टोपी. मला हलवतायत हो! मी इथे खांबामागे, आणि ते आभाळाला टाटा करतायत...

उद्या परत जातो. सांगेन, तिथे दारातच परीक्षा घेतली आणि नापास केलं. तेल्माबाई ओरडतील आणि बाकावर बसवतील. आणि आता कुणी विचारलं ना, एवेलिओ, तुझं तिकडे कोण आहे, तर छाती काढून सांगेन, आहे एक, तिचा फोन येणार आहे...

नाव तेवढं विचारायचं राहिलं. घ्या, पाव खा.