पेणचा उंबरा, रोह्याचा फ्लॅट

रोह्यातल्या हाडांच्या दवाखान्यात दत्तात्रेय आपला कुरकुरणारा गुडघा चोळत नंबरची वाट बघत होते. कान मात्र शेजारी बसलेल्या दोघींकडे होते.

"पेणच्या घरी माझा गुडघा कधी दुखला नाय गो फरझाना. मुलाच्या फ्लॅटात आले नि धरला."

"लिफ्ट नाय काय, सगुणाताई?"

"लिफ्ट हाय, एसी हाय, सगळं हाय. उंबरा नाय!"

"उंबऱ्याचा नि गुडघ्याचा काय संबंध?"

"पेणला दिवसातून पन्नास वेळा पाय उचलून उंबरा ओलांडायची. इथं नुसतं फरशीवरून घसरत जायचं. घरात शिरल्यासारखं वाटतच नाय."

"डॉक्टर काय बोलले?"

"बोलले, रोज पन्नास वेळा पाय उचला. म्हटलं, उगाच हवेत कशाला उचलू? पेणचा उंबरा काढून आणला नि सुताराकडून फ्लॅटाच्या दाराला ठोकून घेतला."

"या अल्ला! मग?"

"मग काय, दुसऱ्या दिवसापासून गुडघा गप! सकाळी हळदकुंकू वाहते, अलीकडून पलीकडं, पलीकडून अलीकडं. भूक लागते, झोप लागते."

"मग आज इथं कशाला?"

तेवढ्यात आतून हाक आली, "धनेश म्हात्रे!"

समोरच्या बाकावरून एक चाळिशीचा गडी प्लास्टरातला पाय सावरत उठला.

"ह्या माझ्या मुलासाठी. मोबाईलात बघत घरात शिरला. चल रे, आता तरी पाय उचलून चाल!"

दत्तात्रेय घाईघाईनं पुढं झुकले.

"ताई, त्या सुताराचा नंबर हाय काय?"