मलिद्याच्या ताटातला साप

…नाही, पण मी साप कशी, एवढंच मला सांगा. चार वर्षं स्कॉटलंडात कुडकुडत बायबल शिकले, उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायावर, म्हणजे आदाम, हव्वा आणि सापाच्या गोष्टीवर, दीडशे पानं लिहिली, आणि रोडपालीत परत आल्यावर मला म्हणतात काय, तर साप. म्हणतं कोण? शेजारच्या सोफीकाकू. मी फक्त अर्थ सांगत होते हो…

झालं काय, तुम्हाला सांगते, त्यांच्या नातीला नोकरी लागली. काकू बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू, एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याला नवस बोललेला, म्हणजे मलिदा हवाच: भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर पाच फळं. भलंमोठं ताट, टेबलाच्या बरोब्बर मधोमध. आणि त्यांच्या यजमानांना, हायमकाकांना, शुगर… साधीसुधी नाही, रिपोर्ट बघून डॉक्टर खुर्चीत मागे सरकतात अशी. काकू पाहुण्यांना आणायला स्टॉपवर निघाल्या आणि दारातून म्हणाल्या, "घरातलं सगळं खा. काकडी खा, भाकरी खा, चणे खा. या एका ताटाला हात लावलात तर मराल, सांगून ठेवते."

आता हे ऐकून माझ्यासारखीने गप्प बसायचं? म्हटलं, "काका, अहो ही तर एदेनची बाग, एक झाड सोडून सगळं खा," आणि सुटले. चर्चमध्ये माझ्या व्याख्यानाला तीन माणसं येतात, त्यातली एक माझी आई. इथे काका मान डोलावतायत. म्हणाले, "बाळ, ही गोष्ट आमच्यात दरवर्षी वाचतात, पण कुणी एवढं मनाला लावून घेत नाही." म्हटलं, "आमच्यात घेतात. त्या एका घासापायी सगळे मरतात, असंच शिकले मी लहानपणी. पण मरण ही शिक्षाच नाही, काका. मातीचा माणूस, तो मरणारच होता. आज्ञा मोडली तेव्हा त्याने पहिल्यांदा स्वतःचं स्वतः ठरवलं."

"स्वतःचं स्वतः," काका म्हणाले. "वा."

डोळे भरून आले माझे. मी ते मिटून बोलत राहिले… तिथेच चुकलं. उघडले तर ताटात पाच फळं, आणि पोह्यांना मधोमध खड्डा.

तेवढ्यात जिन्यातून हाक, "अहो, कुठे आहात?" काका गॅलरीत, मनीप्लांटच्या आड, मिशीला खोबरं. "कुणी सांगितलं खायला?" तर बोट माझ्याकडे, "हिने." इतक्या हजार वर्षांत माणूस काही सुधारला नाही बघा. आणि मी, दीडशे पानं लिहिलेली मी, काय म्हणाले? "काकू, पण ताट मध्ये ठेवलं कुणी?"

संध्याकाळी शुगर साडेचारशे. पनवेलला दवाखान्यात ठेवलं. बाहेर बाकावर काकू माझ्या शेजारी, मांडीवर रिकामा डबा घट्ट धरून. मरणावर इतकं लिहिलेलं, पण तिथे मला त्यातली एक ओळ आठवेना. काकू म्हणाल्या, "तुझ्या अर्थात तो मरणारच असेल. यांना मी नाही जाऊ द्यायची." मी फक्त अर्थ सांगत होते, हे तेव्हा मात्र तोंडातून निघेना…

तिसऱ्या दिवशी काका घरी. पलंगावर टेकले नाहीत तोच, "आदाम खाऊनसुद्धा नऊशे तीस वर्षं जगला." काकू माझ्याकडे वळल्या. "काय गं विदुषी, सापाला शिक्षा काय होती?"

आता शिकलेल्या माणसाला खोटं बोलता येतं का? सांगितलं, "सरपटत चालायचं, आणि जन्मभर धूळ खायची."

"बरं झालं सांगितलंस."

तेव्हापासून रोज सकाळी सहाला काकांना फिरवून आणायचं काम माझ्याकडे. बाजूने धूळ उडवत ट्रकमागून ट्रक. काका तोंडाला रुमाल बांधून पुढे, मी त्यांच्या गोगलगाईच्या चालीने मागे. मीही रुमाल बांधला असता हो, पण कोपऱ्यावर पोचलो की ते वळून म्हणतात, "हं बाळ, पुढचा अध्याय?"

आणि मी तोंड उघडते.