नळ्यांची पत्रिका

—छे हो केळकर, भांडण कसलं! आमची भार्गवी ओरडली ती, आनंदानं. बसा, घावन गार होतंय. पलीकडच्या खोलीत कॉम्प्युटरवर तिची मीटिंग चाललीय—तिची पुण्याची प्रयोगशाळा आणि दक्षिण आफ्रिकेतली एक—आणि ही रत्नागिरीत, कारण तुम्ही मुलाचे मामा मुलगी बघायला येणार म्हणून आमच्या हिनं, विमलानं, बोलावून घेतली. झालंय काय, यांनी पुण्यात औषध केलं. पण आपलं कार्टं आपल्याला गुणीच दिसणार, नाही का? म्हणून आफ्रिकेला नळ्या पाठवल्या, वर नुसते आकडे—कशात औषध, कशात पाणी, सांगायचं नाही. नाव झाकून पत्रिका दुसऱ्या ज्योतिषाला दाखवावी, तसं. आणि आत्ता आकडे उघडले—जुळली! ज्या नळीत औषध, त्याच नळीत विषाणू गप्प! जन्म कचेरीत गेला माझा, या टेबलाचं त्या टेबलाशी जुळलेलं पाहिलं नाही, आणि इथे समुद्रापलीकडे जुळतंय! नाचावंसं वाटतंय हो—गुडघ्यांची मंजुरी तेवढी यायचीय.

औषध कशावर? ते आपलं... 'औषधांच्या कंपनीत आहे' एवढंच सांगा, असं बजावलंय मला. पण तुम्ही विचारलंत—एचआयव्हीवर. हो, तेच ते एड्सचं, दुसरं कुठलं असणार? आज रोज गोळी घ्यावी लागते, हे जमलं तर वर्षातून एक सुई. अजून माणसांवर चाचण्या व्हायच्यात, वर्षं जातील, कदाचित पडेलही म्हणे. पडू दे! आज जुळलं ना? सदू तर आत नाचत असेल. सदू म्हणजे माझा धाकटा भाऊ—त्याला एवढा आनंद का? अहो, रोजची गोळी तोच तर—

झालं. बोललो. आता विमला मला उभा सोलणार. पण निम्मं बाहेर आलंय तर सगळंच ऐका. मुंबईहून परत आला तेव्हा नुसता हाडांचा सापळा होता सदू, आणि परकरातली भार्गवी त्याच्या मांडीवरून हलेना. मग गोळ्या सुरू झाल्या. आता आंब्यावर चढतो, खालून मी ओरडलो की वरून मला शिव्या देतो—आणि घावनं तर अशी घालतो—हो, हीच. मघाशी तिसरं मागून घेतलंत ते. अहो, खोकताय काय? खाण्यानं होत नाही, शिवण्यानं होत नाही, आणि त्याच्या रक्तात तर आता विषाणू मोजायलाही सापडत नाही!

उठलात? घरी विचारून कळवता? कळलं. नाही हो, चिडलो नाही, हसू आवरत नाहीये एवढंच. खरं सांगू, हे स्थळ मला हवं होतं. तुमचा अनिश पुण्यातच दातांचा डॉक्टर, पोरीला काम सोडावं लागलं नसतं. सकाळी सदूही म्हणाला, दादा, मी नाटे गावाला जाऊन राहतो, पाव्हणे गेले की येतो. तर भार्गवी म्हणाली, काका नाट्याला तर मीही नाट्याला, पाव्हण्यांना माझ्याऐवजी बाबाच दाखवा! म्हणून आत चुलीपाशी आहे तो. आणि लग्नात अक्षता टाकायलाही पहिला तोच उभा राहील—मग मांडव कुणाच्याही दारी पडो, किंवा न पडो.

बरं, या. सावकाश, पायरी निसरडी आहे. अहो केळकर—केळकर! सदूच्या चपला घातल्यात तुम्ही! आता नाचू नका एका पायावर, पडाल. जा तशाच घालून. तुमच्या सदू घालील.