चेकाम, चेकाश, चेका

नाही, तुम्हीच सांगा! मी काय काय मनात धरून आले होते... डोंगरातलं आमचं सर्बियातलं गाव, परदेशातून सुट्टीला आलेल्या पोरांनी गजबजलेली शाळा, आणि फळ्यापुढे मी! लहानपणीच ऑस्ट्रियात गेलेली, तिथंच शिकलेली, नि आता मायभाषा वाचवायला परतलेली नेवेना! आणि मिळालं काय? रिकामे बाक आणि देसांका काकू.

पोरं आलीच नाहीत हो! सगळ्यांचे फोन, "यंदा आम्ही ग्रीसला, समुद्रावर!" काकूंची नात लेना ऑस्ट्रियातल्या लिंझहून येणार, तिला आपली भाषा शिकव म्हणून तर काकूंनी मला बोलावलं... तीही समुद्रावर!

"मग मलाच शिकव," काकू म्हणाल्या. "चीज भरून पिटा केलीय, वाया कशाला घालवायची?"

आता सत्तरी उलटलेल्या बाईला तिचीच भाषा काय शिकवू? पण धडा तयार होता... क्रियापद 'चेकाती', म्हणजे वाट बघणे. चेकाम, मी वाट बघते. चेकाश, तू वाट बघतेस. चेका, ती वाट बघते. काकू खणखणीत म्हणायच्या, नि पुन्हा दाराकडे बघायच्या.

आणि काल काकू आल्याच नाहीत! घराला कुलूप. शेजारी म्हणाला, "दफनभूमीत बघ." धावत गेले, तर काय... काळ्या दगडावर कधीच वारलेल्या काकांचा फोटो, शेजारी काकूंचा! नाव! जन्मसाल! तुम्हाला सांगते, तिथंच बसून मी असा हंबरडा फोडला...

"मोठ्यानं रड गं! तेवढाच सराव!"

मागे काकू! हातात बादली आणि ब्रश!

"अगं वेडे, आमच्याकडे जिवंतपणीच कोरून ठेवतात. पोरं येणार दोन दिवसांच्या रजेवर, त्यांना कशाला कटकट? मी गेल्याचं साल तेवढं घालायचं राहिलंय." आणि स्वतःचाच फोटो घासायला लागल्या हो! तोंडानं चेकाम, चेकाश, चेका... मी हसू की रडू?

मग ब्रश थांबला.

"नेवेना, त्या दिवशी तरी लेना येईल ना गं?"

"येईल की, काकू."

"येईल, इथं उभी राहील, चार शब्द बोलेल... पण जर्मनमध्ये! मला कळायला नको?"

मायभाषेवर माझी केवढी भाषणं! एकही आठवेना.

रात्रभर तळमळले. आज सकाळी शाळा उघडली, फळ्यावरचं चेकाम, चेकाश, चेका पुसलं आणि ठरवलं, आजपासून जर्मन. क्रियापद तेच घेतलं, दुसरं सुचेचना.

"इख वार्टे," मी म्हटलं, "म्हणजे मी वाट बघते."

काकूंनी तीनदा घोकलं, पदराच्या टोकासारखं रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं, नि म्हणाल्या, "उच्चार तेवढा अवघड आहे गं. बाकी सवय आहे."